रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन आणि केंटमधलं त्याचं घराणं

गडवाट

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा विषय निघाला की हेन्री ऑक्झेंडनचं नाव येतंच. मुंबईच्या इंग्रजांचा वकील, नजराणा घेऊन आला, सिंहासन पाहिलं, तह करून परत गेला. व्याख्यानांत, गडावरच्या माहितीत त्याची ओळख एवढ्यावर संपते. तो कुठल्या घरातला, कुणाचा मुलगा, त्यालाच का पाठवलं, हे सहसा कुणी विचारत नाही. हा धागा त्यासाठीच काढतोय. ते घराणं नीट पाहिलं की १६६४ ची सुरत, १६६८ ची मुंबई आणि १६७४ चा रायगड हे तिन्ही प्रसंग एकाच घराच्या इतिहासात येऊन बसतात.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंट परगणा. तिथे कँटरबरीहून सँडविच बंदराकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर विंगहॅम नावाचं गाव आहे. त्याच्या लगत डीन नावाची जहागीर, आणि तिथे हे ऑक्झेंडन. फार मोठे सरदार नव्हते. लॉर्ड वगैरे तर नव्हतेच. आपल्या परगण्यात ज्यांचा शब्द चालतो, जे न्यायदंडाधिकारी म्हणून बसतात, सैन्यभरतीत, करवसुलीत ज्यांच्याशिवाय राजाचं पान हलत नाही, अशा जमीनदार वर्गातले. सतराव्या शतकातलं इंग्लंडचं राजकारण समजून घ्यायचं तर राजा आणि त्याला हरवून सत्तेवर आलेला क्रॉमवेल यांच्याइतकंच या वर्गाकडे बघावं लागतं. राजा युद्ध पुकारू शकत होता, पण परगण्यातून पैसा आणि माणसं उभी करणारे हे लोक होते.

डीनचा सर जेम्स ऑक्झेंडन हा या कथेतला आजोबा. त्याचा थोरला मुलगा हेन्री (जन्म १६१४), आणि धाकट्यांपैकी दोघे क्रिस्टोफर आणि जॉर्ज. इंग्रजी रिवाजाप्रमाणे जमीन थोरल्याकडे गेली. क्रिस्टोफर आणि जॉर्ज ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सुरतेला आले. क्रिस्टोफर १६५९ मध्ये सुरतेतच वारला. जॉर्ज पुढे सुरतेचा प्रेसिडेंट झाला, म्हणजे पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्या इंग्रजी वखारींचा मुख्य.

थोरल्या हेन्रीची कारकीर्द बघा. राजा विरुद्ध पार्लमेंट अशा गृहयुद्धात हे घराणं पार्लमेंटच्या बाजूला होतं. १६४५ मध्ये हेन्री विंचेल्सी या छोट्या बंदराचा प्रतिनिधी म्हणून कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्यांच्या सभागृहात गेला. डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइडने शिपाई उभे करून राजाशी तडजोड करू पाहणारे सभासद बाहेर काढले, त्यात हेन्रीचीही जागा गेली. पुढच्याच महिन्यात पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. म्हणजे हा माणूस राजाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूचा, पण राजाला मारणाऱ्यांत नाही. या फरकाने पुढे त्याला तारलं. १६५४ मध्ये क्रॉमवेलने बोलावलेल्या पार्लमेंटात तो केंटतर्फे बसला. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत बोलावणाऱ्या पार्लमेंटात तो सँडविचचा प्रतिनिधी होता. आणि १६७८ मध्ये त्याच चार्ल्सने त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब दिला.

कंपनीचंही असंच झालं. १६५७ मध्ये तिने क्रॉमवेलकडून सनद घेतली. तो गेला, राजा आला, तेव्हा १६६१ मध्ये राजाकडून नवी सनद घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात धाकट्या जॉर्जला व्हाइटहॉल राजवाड्यात नाइट हा किताब मिळाला, आणि पुढच्या वर्षी तो सुरतेला प्रेसिडेंट म्हणून रवाना झाला. पगार वर्षाला ३०० पौंड, आणि खाजगी व्यापार करणार नाही या बोलीवर वर २०० पौंड.

तो सुरतेत पोचला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज महाराजांच्या कैदेत होते. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने इंग्रजी निशाण लावून तोफा डागल्याची ती शिक्षा होती. हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेतून सुरतेच्या कौन्सिलला संतापाची पत्रं लिहीत होते, की आम्हाला सोडवायला तुम्ही काहीच करत नाही. १६६३ मध्ये ते सुटले. जानेवारी १६६४ मध्ये महाराज स्वतः सुरतेवर आले. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. सर जॉर्जने जहाजांवरचे खलाशी उतरवून वखार लढवली. औरंगजेबाने इंग्रज-डचांना जकातीत सूट दिली, कंपनीने सर जॉर्जला सोन्याचं पदक दिलं.

मार्च १६६८ मध्ये चार्ल्सने मुंबई कंपनीला दिली, वार्षिक भाडं सोन्याच्या रूपात १० पौंड. कंपनीच्या वतीने मुंबईचा पहिला गव्हर्नर हाच सर जॉर्ज. पण १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेत वारला आणि जेराल्ड ऑन्जिए त्याच्या जागी आला.

आता रायगडावर आलेला हेन्री. तो या सर जॉर्जचा पुतण्या, थोरल्या हेन्रीचा मुलगा. ज्या राजापासून काकाने दहा वर्षांपूर्वी सुरतेची वखार लढवून वाचवली, त्याच राजाच्या सिंहासनापुढे पुतण्या नजराणा घेऊन उभा राहिला. माझ्या मते हा योगायोग नव्हे. घराणंच तसं होतं. कोणाचं बळ टिकणार आहे हे ओळखायचं, वेळेत त्याच्याशी जुळवून घ्यायचं, आणि जुळवून घेताना आपली वखार, आपली जहागीर, आपली पार्लमेंटातली जागा शाबूत ठेवायची. केंटमध्ये तीस वर्षं जे केलं तेच रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडच्या वाटेवर केलं.

जाणकारांनी भर घालावी.

केतकी_व

फार छान लेख. "इंग्रज वकील" एवढंच डोक्यात होतं. एक मूलभूत शंका: बॅरोनेट म्हणजे लॉर्डच ना? मग तो कॉमन्समध्ये कसा बसत होता?

गडवाट

नाही केतकीताई, इथेच गंमत आहे. बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब, नावापुढे "सर" लागतं, बापानंतर मुलाला मिळतं. पण तो उमराव नाही, लॉर्ड्सच्या सभागृहात त्याला जागा नाही. म्हणून निवडून येऊन कॉमन्समध्ये बसायची मुभा राहते.

हा किताब पहिल्या जेम्सने १६११ मध्ये काढला, पैशासाठी. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात सैन्य ठेवायचं होतं आणि तिजोरी रिकामी होती. अट अशी की ३० शिपायांचा तीन वर्षांचा खर्च द्या. शिपायाला रोज ८ पेन्स. ३० गुणिले ८ म्हणजे २४० पेन्स, त्या काळच्या हिशेबाने बरोबर १ पौंड रोज. तीन वर्षांचे दिवस १०९५. म्हणून किंमत १०९५ पौंड. शिवाय जमिनीचं उत्पन्न वर्षाला किमान १००० पौंड हवं, आणि आजोबांपासून घराण्याला चिन्ह हवं. सुरुवातीला जेम्सने शब्द दिला होता की २०० च्या वर बॅरोनेट करणार नाही. तो शब्द अर्थातच टिकला नाही.

ऑक्झेंडनांना किताब मिळाला तोपर्यंत हा रोख सौदा मागे पडला होता. तेव्हा तो राजाच्या मर्जीची आणि परगण्यातल्या वजनाची पावती होती.

आणि हे लक्षात ठेवायला हवं की रायगडावर आला तेव्हा हेन्री बॅरोनेटचा मुलगासुद्धा नव्हता. बापाला किताब चार वर्षांनी, १६७८ मध्ये मिळाला. १६८६ मध्ये बाप वारल्यावर तो थोरल्या भावाकडे, जेम्सकडे गेला. जेम्सला वारस नव्हता, म्हणून १७०८ मध्ये तो या हेन्रीकडे आला. राज्याभिषेकाला हजर असलेला माणूस ३४ वर्षांनी डीनचा तिसरा बॅरोनेट झाला आणि वर्षभरात, १७०९ मध्ये वारला.

दर्यावर्दी

लेख आवडला, पण सुरतेबद्दल दोन शब्द. "वखार लढवून वाचवली" हे कंपनीच्या कागदांचं सांगणं आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

महाराज सुरतेला आले ते इंग्रजांसाठी नाही. शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात बसून मुलूख जाळत होता, त्याची भरपाई मोगलांच्या सगळ्यात श्रीमंत बंदरातून काढायची होती. लक्ष्य होते वीरजी वोरासारखे सावकार. तिथून मिळालं ते अफाट होतं. चार-पाच दिवसांचा वेळ, मोगली कुमक यायच्या आत निघायचं, अशा हिशेबात तोफा-बंदुका सज्ज ठेवलेल्या दोन युरोपी वखारींवर माणसं खर्ची घालणं शहाणपणाचं नव्हतं. डचांचीही वखार तशीच राहिली, त्याचं कुणी शौर्यगीत करत नाही.

सर जॉर्जला श्रेय द्यायचंच तर धीराचं द्यावं. शहराचा सुभेदार किल्ल्यात लपला असताना तो वखारीत थांबला. शेजारी हाजी सैद बेगचा वाडा होता, तिथे शिरलेल्या लोकांना इंग्रजांनी हुसकावलं, कारण तिथून आग लागली असती तर वखारही गेली असती. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज महाराजांच्या हाती सापडला होता. त्याला निरोप देऊन वखारीत पाठवलं तरी सर जॉर्जने खंडणी दिली नाही. एवढं मान्य.

पण त्या पाच दिवसांतून त्याने जी गोष्ट मिळवली ती लढाईपेक्षा मोठी आहे. औरंगजेबाकडून मानाचा पोशाख आणि जकातीची सूट. शिवाजीराजांच्या स्वारीचं भांडवल करून त्याने मोगलांकडून सवलत काढली. हे खरं राजकारण.

गडवाट

दर्यावर्दीदादा, पूर्ण अनुमोदन. शेवटचा मुद्दा मी लेखात यायला हवा तितका आणला नव्हता, तुम्ही आणलात ते बरं झालं.

थेम्सकाठ

मी केंटमध्येच राहते. विंगहॅम कँटरबरीहून बसने सहज जाता येतं. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये या घराण्याचं स्मारक आहे, १६८२ चं, म्हणजे बॅरोनेट झाल्यावर चार वर्षांनी उभं केलेलं.

ते पाहिल्यावर हे घराणं स्वतःकडे कसं बघत होतं ते कळतं. चर्च गावातलं, साधं. आणि त्याच्या एका बाजूच्या भागात हा उंच संगमरवरी सुळका, त्यावर फळाफुलांच्या माळा कोरलेल्या, इतक्या बारीक की पाकळ्या मोजाव्यात. पायथ्याशी जवळजवळ खऱ्या आकाराची गुबगुबीत मुलं बसली आहेत, आणि कोपऱ्यांवर काळ्या दगडाची बैलांची मुंडकी. पांढऱ्या दगडात ती काळी मुंडकी एकदम अंगावर येतात. बैल हे त्यांच्या घराण्याच्या चिन्हात आहेत, नावाशी जुळवून घेतलेले.

त्या गावात कुणाला विचारलं तर मुंबई, सुरत, रायगड यातलं काही सांगता येत नाही. त्यांच्या लेखी ते इथले जमीनदार, एवढंच. आपल्याकडे उलट. आपल्याला रायगड माहीत आहे आणि विंगहॅम नाही. मला हे फार लागलं, कारण दोन्हीकडे अर्धा माणूस उरला आहे. या धाग्यामुळे दोन्ही अर्धे एका ठिकाणी आले.

हिशेबनीस

थेम्सकाठताई, या घराण्याचं दुसरं स्मारक सुरतेत आहे, आणि मला विचाराल तर ते जास्त बोलकं आहे.

सुरतेच्या जुन्या इंग्रजी कबरस्तानात क्रिस्टोफर आणि सर जॉर्ज या दोन भावांची एकत्र कबर आहे. आधी क्रिस्टोफरची घुमटी बांधली गेली, नंतर सर जॉर्ज वारल्यावर तिच्यावर मोठा घुमट चढवून दुमजली वास्तू केली. खांब, कमानी, जिने, वर घुमट. लांबून बघणाऱ्याला एखाद्या मोगल अमिराचा मकबरा वाटावा. तोच हेतू होता. सुरतेत डच आणि इंग्रज मेल्यावरही एकमेकांशी चढाओढ करत होते. शहरातल्या मोगल अधिकाऱ्यांना आणि सावकारांना कळेल अशा भाषेत आपला दर्जा सांगायचा, म्हणून घुमट.

पण मला खिळवून ठेवलं ते क्रिस्टोफरच्या लॅटिन मृत्युलेखाने. तो अख्खा जमाखर्चाच्या वहीच्या बोलीत लिहिला आहे. भावार्थ असा: हा आला आणि गेला. आपल्या हिशेबात त्याला दिवसच मांडता आले, वर्षं नाहीत, कारण मृत्यूने एकाएकी हिशेब मागितला. मालक विचारतील की आमचा तोटा किती आणि नफा किती. तुम्ही एक चाकर गमावला, आम्ही एक सोबती, त्याने आपला जीव. पण त्याच्या समोरच्या बाजूला तो लिहू शकतो की मृत्यू हा माझा लाभ.

मी आयुष्यभर हिशेबाचंच काम केलं. नफा-तोट्याच्या दोन बाजूंत माणसाचं मरण इतकं नेमकं बसवलेलं दुसरीकडे वाचलं नाही. हे लिहिणारा माणूस वखारीतलाच असणार, वहीसमोर रोज बसणारा.

सर जॉर्जच्या लेखात मात्र पदव्यांची ओळ आहे. हिंदुस्थान, इराण आणि अरबस्तानातल्या इंग्रजांचा प्रेसिडेंट, मुंबई बेटाचा गव्हर्नर. एका भावाला हिशेब, दुसऱ्याला अधिकार.

मोडीप्रेमी

उत्तम चर्चा. मात्र गडवाट यांच्या मूळ प्रतिपादनाबद्दल माझा आक्षेप आहे, तो स्पष्ट मांडतो.

एक: महाराजांकडे येणारा हेन्री हा पहिला इंग्रज वकील नव्हे. १६७२ मध्ये लेफ्टनंट अस्टिक आला होता, १६७३ मध्ये थॉमस निकल्स. त्यांचं घराणं कुणाला माहीत आहे? म्हणजे वकिली घराण्यावर चालत नव्हती, कामावर चालत होती.

दोन: मुंबईच्या बाजूने सगळं ठरवणारा माणूस ऑन्जिए होता. तहाची २० कलमं घेऊन हेन्री आला. त्यात त्याचं स्वतःचं किती?

तीन: केंटमधली तडजोड आणि रायगडावरची तडजोड एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. केंटमध्ये ते घरचे होते. इथे ते एका बेटावर बसलेले व्यापारी होते, ज्यांना लाकूड-फाट्यासाठी आणि धान्यासाठीसुद्धा समोरच्या मुलखाकडे बघावं लागत होतं. त्यांच्यापुढे जुळवून घेण्याशिवाय मार्ग कुठला होता? त्याला घराण्याची नीती म्हणण्यापेक्षा गरज म्हणावं.

उलट तह वाचला तर दिसतं की बळ आपल्या बाजूला होतं. महाराजांचे न्यायाधीश निराजीपंत यांनी हेन्रीला कळवलं की दोन कलमं सोडून बाकी मान्य. नाण्याचं कलम: इंग्रजांची नाणी राज्यात चालावीत. महाराजांचं उत्तर असं की मी कुठल्याही नाण्याला बंदी करत नाही, पण रयतेचा तोटा होईल असं नाणं घ्यायला त्यांना भागही पाडणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या तोडीचं, वजनाने आणि कसाने पुरं असेल तर ते आपोआप चालेल. आणि दुसरं, वादळात किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचं कलम. ती जहाजं आणि माल परत द्यावा अशी मागणी होती. उत्तर: कोकणच्या रिवाजात ते बसत नाही.

नाण्याचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. राज्याभिषेकाच्या धामधुमीत, शेकडो ब्राह्मण, सरदार, दानधर्म चालू असताना, रयतेला बट्टा बसू नये एवढा बारकावा ज्याच्या ध्यानात राहतो तो राजा काय असेल! या धाग्यात ऑक्झेंडनांचं कौतुक होतंय ते ठीक, पण त्या खोलीतला सगळ्यात मुरलेला राजकारणी कोण होता हे विसरू नये.

गडवाट

मोडीप्रेमी, शेवटच्या परिच्छेदाला हात जोडून अनुमोदन. त्याबद्दल वादच नाही.

बाकी मुद्द्यांवर माझं म्हणणं. अस्टिक आणि निकल्स राजापूरच्या नुकसानभरपाईसाठी आले होते. वाद होता रकमेचा, पाठवणी झाली अधिकाऱ्याची आणि कारकुनाची, आणि दोघांच्याही हाताला निश्चित काही लागलं नाही. १६७४ ला प्रसंग वेगळा होता. एक नवा छत्रपती अभिषेक करून घेत होता, आणि त्याच्या दरबारात इंग्रजांतर्फे कोण उभं राहतं याला अर्थ होता. मुंबई कौन्सिलातला, पहिल्या गव्हर्नरचा सख्खा पुतण्या, पार्लमेंटात बसलेल्या बापाचा मुलगा पाठवणं हा मानाचा भाग होता असं मला वाटतं. राजापूरची भरपाई १०,००० होन या आकड्यावर याच वेळी ठरली.

गरजेबद्दल म्हणता ते खरंच आहे. पण गरज ओळखून वाकायची सवय घरातून येते. लंडनचा व्यापारी निकोलस क्रिस्प किंवा त्याच्यासारखा एखादा कडवा राजनिष्ठ घेतला तर तो राजासाठी सगळं गमावून बसतो. ऑक्झेंडनांनी कधी तसं केलं नाही.

हेन्रीची नजर मात्र त्याची स्वतःची होती, ती ऑन्जिएने दिली नव्हती. मुंबईहून मे महिन्यात निघाला, चौल, मग नदीने अष्टमी गाव, निजामपूर असं करत पाचाडला पोचला. महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून पायथ्याशी थांबावं लागलं. वर गेल्यावर महाराजांची सुवर्णतुला झाली ती त्याने टिपली, सुमारे १६,००० होन भरले. ६ जूनच्या सकाळी नारायण शेणवी दुभाष्याबरोबर तो दरबारात गेला. लांबूनच मुजरा केला, शेणव्यांनी हिऱ्याची अंगठी वर धरली. महाराजांचं लक्ष गेलं, जवळ बोलावलं, पार सिंहासनाच्या पायरीपर्यंत. तिथे वस्त्रं मिळाली आणि निघायची खूण झाली. एवढ्या क्षणभरात त्याने काय काय पाहिलं: सिंहासनाच्या दोन बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हं, उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका मूल्यवान भाल्यावर समतोल सोन्याचा तराजू, न्यायाची खूण. बाहेर पडताना दरवाजाशी दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे दोन घोडे. आणि त्याला प्रश्न पडला की असल्या बिकट वाटेने हे हत्ती वर आणले तरी कसे.

राज्याभिषेकाचं आजचं प्रत्येक चित्र, प्रत्येक देखावा त्याच्या या काही ओळींवर उभा आहे. ज्याने आयुष्यात राजचिन्हं, किताब, मानपान यांचं मोल लहानपणापासून पाहिलं त्यालाच एका दृष्टिक्षेपात तराजू दिसतो. घराण्याचं महत्त्व मी इथे धरतो.

पावसाळी

वाचतेय. खाटकाची गोष्ट पण सांगा ना कुणीतरी! याच मुक्कामातली ना?

दर्यावर्दी

हो, याच मुक्कामातली. गडावर इंग्रजांना शाकाहारी जेवण झेपेना, म्हणून रोज मांस मागवत. ज्या म्हाताऱ्या खाटकाकडून ते जायचं तो एवढा गड चढून वर आला, फक्त हे गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायला. गेल्या कित्येक वर्षांत जेवढं खपलं नाही तेवढं मांस या थोड्या दिवसांत यांनी घेतलं, असं त्याचं म्हणणं. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात ही नोंद आहे. पाचाडची वाट चढलेल्याला त्या म्हाताऱ्याच्या उत्साहाची कल्पना येईल.

केतकी_व

अजून एक विचारते. थोरल्याला सगळी जमीन, धाकट्यांना काहीच नाही, हे अन्यायाचं नाही का? आपल्याकडे वतनात सगळ्या भावांचा वाटा असायचा.

मोडीप्रेमी

अन्याय आहेच, पण परिणाम बघा. आपल्याकडे पाटीलकी-देशमुखीचे वाटे पडत गेले, भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि कज्जांचे महजर, म्हणजे निवाडापत्रं, दप्तरांत ढिगांनी आहेत. वतनासाठी माणसं मोगलांकडे गेली, आदिलशाहीकडे गेली. महाराजांचं नवी वतनं न देण्याचं धोरण याच अनुभवातून आलेलं.

इंग्लंडात जहागीर अखंड राहिली, त्यामुळे थोरल्याची पार्लमेंटातली जागा टिकली. धाकटे मात्र बाहेर फेकले गेले. वकिली, चर्च, सैन्य, नाहीतर कंपनी. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची कबर क्रिस्टोफरसारखी परमुलखात झाली. एका भावाची जहागीर शाबूत राहावी म्हणून दुसऱ्याने सुरतेच्या उन्हात जीव द्यायचा, असा तो व्यवहार होता.

इथे मी गडवाटांशी थोडा जवळ येतो. कंपनीतली माणसं नुसती व्यापारी नव्हती, त्यांच्यामागे परगण्यातली घरं होती, हे मान्य.

थेम्सकाठ

याच पिढीच्या अजून एका हेन्रीबद्दल सांगते, बारहॅमचा हेन्री ऑक्झेंडन. डीनच्या शाखेचा चुलतभाऊ, जन्म १६०८. याची पत्रं शिल्लक राहिली, म्हणून गृहयुद्धाच्या काळात केंटमधल्या घरांत काय बोललं जात होतं ते आज वाचता येतं. त्याने १६४२ मध्ये कॅथरीन कलिंग या साध्या शेतकरी घरातल्या मुलीशी लग्न केलं, ती त्याच्या पालकत्वाखाली होती. नातेवाइकांत केवढी नाराजी! आपली मुलगी वरच्या घरी देण्याबद्दल सगळ्यांचा आग्रह, पण सून मात्र तोलामोलाचीच हवी. तो पार्लमेंटच्या सैन्यातही गेला, आणि पुढे कर्जात बुडाला. म्हणजे घराण्यात सगळेच डीनवाल्यांसारखे सावध नव्हते.

पावसाळी

गडवाट, तारखेचं एक. ६ जून ही जुन्या इंग्रजी पंचांगाची तारीख ना?

गडवाट

हो. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग वापरत होते, त्यामुळे हेन्रीची ६ जून ही आजच्या पंचांगाने १६ जून येते. आपल्याकडे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तिथीने सोहळा करणारे आणि तारखेने करणारे दोघेही गडावर जातात. तारीख पक्की झाली त्यात हेन्रीच्या नोंदीचा वाटा आहे.

थेम्सकाठताई, बारहॅमच्या हेन्रीबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं. त्यावर स्वतंत्र धागा काढाच.

हिशेबनीस

पुढे या बॅरोनेटांचं काय झालं? १७०९ नंतर?

गडवाट

थोडक्यात सांगतो, कारण पुढचा भाग मला तितका ओढत नाही.

रायगडवाल्या हेन्रीचा थोरला भाऊ सर जेम्स, दुसरा बॅरोनेट, १६७९ पासून सँडविचचा प्रतिनिधी. दुसऱ्या चार्ल्सचा कॅथलिक भाऊ गादीवर येऊ द्यायचा की नाही यावरून पार्लमेंट पेटलं होतं, नेमका तोच काळ. त्यांचा धाकटा भाऊ जॉर्ज, केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलचा प्रमुख आणि १६९५ ते १६९८ केंब्रिज विद्यापीठाचा पार्लमेंटातला प्रतिनिधी. म्हणजे तीन सख्खे भाऊ: एक जहागिरीत, एक मुंबईत, एक विद्यापीठात. सुरतेवाल्या पिढीचीच रचना पुन्हा.

हेन्री गेल्यावर किताब या केंब्रिजवाल्या जॉर्जच्या मुलांकडे गेला. त्यातला सर जॉर्ज, पाचवा बॅरोनेट, १७२० ते १७५४ सँडविचचा प्रतिनिधी, पंतप्रधान वॉलपोलच्या काळात आधी नौदलाच्या आणि मग १७२७ ते १७३७ तिजोरीच्या मंडळावर. हुशार होता, पण मेहुणीशी संबंधांची भानगड इतकी गाजली की नावाला काळिमा लागला. आजोबांनी तीन राजवटींतून सावरत आणलेलं नाव त्याने घरातच घालवलं, याचं वाईट वाटतं.

याच सर जॉर्जच्या धाकट्या मुलाकडे १७५० मध्ये ब्रूम पार्क ही डिक्सवेल घराण्याची हवेली आली. डिक्सवेलांतला कर्नल जॉन डिक्सवेल हा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडावर सही करणाऱ्यांपैकी एक. राजा परत आल्यावर तो पळाला आणि अमेरिकेत न्यू हेवनला नाव बदलून राहिला. शेजारपाजारची ही दोन घरं, एकाने सही केली, दुसऱ्याला सही व्हायच्या आधीच सभागृहाबाहेर काढलं गेलं. ब्रूम पार्क १९११ मध्ये किचनरने विकत घेतलं, तोच किचनर जो हिंदुस्थानात सरसेनापती होता. १९२४ मध्ये बॅरोनेटचा किताब संपला.

दर्यावर्दी

सुरतेला जाणाऱ्यांसाठी: ते कबरस्तान कतारगाम रस्त्यावर आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. डचांचं थोड्या अंतरावर. दोन्ही एकाच सकाळी होतात. हिशेबनीसांनी सांगितलेला क्रिस्टोफरचा लेख वाचायचा असेल तर भाषांतर सोबत न्या.